घोंगडीचं गाळणं

काढलं.

गॅरेजवाल्या आसारामनं बॉनेटखालून पंप बाहेर काढला आणि पोत्यावर ठेवला. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजणारा, मुठीएवढा लोखंडी गोळा. शेजारी दोन नट, दोन पोकळ बोल्ट, तांब्याच्या चार वायसर. ज्या क्रमानं काढलं त्याच क्रमानं ओळीत.

बंकट पोत्याजवळ उकिडवा बसला होता. साठीचा मेंढका. पिकअप बावीस वर्षांची. मेंढरं बाजारला न्यायची, वाडा, म्हणजे मेंढक्यांचा तळ, हलला की बिऱ्हाड वाहायची. दोन दिवस ती चढाला धापा टाकत होती. आज शिरूरच्या वेशीत गपगार झाली. पूर्वी ती अंगद चालवायचा, बंकटचा धाकटा भाऊ. आज वाड्यातल्या राधाकिशननं आणली होती. तो चहाला गेला होता.

आत काय होतं.

आसारामनं पंपाच्या तोंडाशी चिमटा घातला आणि काहीतरी काळं ओढलं. ओढतच राहिला.

"आप्पा, केस हायत का काय?"

बंकटनं ते बोटांत घेतलं. डिझेलनं चिंब होतं. पण मेंढक्याच्या बोटांना लोकर सांगावी लागत नाही.

"मेंढरू हाय," तो म्हणाला.

"मेंढरू पंपात कावून शिरलं?" आसाराम हसला. मग हसायचा थांबला. "आजून घोंगडीतूनच गाळता?"

माळावरच्या वाड्याला डिझेल कॅननं यायचं. कॅनचं तेल गाळल्याशिवाय टाकीत जाऊ द्यायचं नाही, हा बंकटचा नेम. नरसाळ्यावर बापाच्या घोंगडीचा तुकडा धरायचा आणि स्वतः ओतायचा. बाप त्याच घोंगडीतून ओढ्याचं पाणी गाळून प्यायला नि ऐंशी वर्षं जगला. पाण्याला चाललं ते तेलाला का चालू नये?

"तुला कुणी सांगितलं घोंगडीचं?"

आसाराम पाना पुसत राहिला. "आता सांगाया हरकत न्हाई. अंगद महिन्याला यायचा. बाजारहून जाताना पंपाची जाळी काढायचा, लोकर उपसायचा, परत बसवायचा. म्या म्हणलं, भावाला सांग की बे. तर म्हणला, बाची घोंगडी हाय, दादाला लागंल. साफ करणं सोपं हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी.

राधाकिशन इतकंच बोलला होता, की दर बाजारी गाडी आसारामच्या गॅरेजपाशी उभी दिसते. पुढचं बंकटनं स्वतःच जोडलं. अंगद डिझेल विकतो. सगळ्या वाड्यासमोर त्यानं किल्ली मागितली.

"चोर हाईस तू."

"आसारामला ईचारा, दादा."

"त्याला काय ईचारू? चोर-चोर मावसभाऊ!"

अंगदनं किल्ली पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली. त्याच दुपारी त्याची चाळीस मेंढरं वेगळी निघाली. योगिता, त्याची बायको, त्यांना हाकताना एकदाही वळली नाही. मेंढरं मात्र दर चार पावलांवर वळत होती.

बसवलं.

उलट्या क्रमानं. शेवटचं ते पहिलं. नवा पंप बसला, पण पाइपात हवा राहिली होती. आसारामनं एक नट सैल केला. "ही पंपाची मूठ दाबत ऱ्हावा, आप्पा. बुडबुडं थांबस्तवर."

बंकट दाबू लागला. नटापाशी फेस यायला लागला.

"आसाराम, अंगदला फोन लाव."

आसारामनं बंकटच्या खिशातला मोबाइल घेऊन नंबर लावला, स्पीकरवर करून मडगार्डवर ठेवला.

"दादा?" मागं कोयत्यांचा आवाज. अंगद नि योगिता कडा गावाकडं ऊस तोडायला गेलेत, एवढं बंकटच्या कानावर होतं.

जिभेवर एक वाक्य तयार होतं. निघालं भलतंच. "पंप गेला."

"लोकर?"

"हां."

"जाळी महिन्याला काढायची असती. आसारामला ठावं हाय."

"म्या तुला चोर म्हणलो."

"म्हणलाव."

"ये माघारी. मेंढरं एकत्र करू."

"मेंढरं कुठली, दादा? इकली दसऱ्याच्या बाजारला."

"सगळी?"

"रोज पळायची. तुमच्या वाड्याच्या वाटंनं. किती दिवस हाकून आणायची?"

मुकादमानं हाक मारली असावी. फोन बंद झाला.

बुडबुडे केव्हाच थांबले होते. नटाशी स्वच्छ डिझेल ओघळत होतं. आसाराम म्हणाला, "बास, आप्पा. निघाली हवा." बंकट मूठ दाबतच होता. शेवटी आसारामनं त्याचं मनगट धरून हात बाजूला केला.

राधाकिशन चहा पिऊन आला, किल्ली फिरवली. "एका झटक्यात लागली बघा! वाड्यावर ना?"

बंकट शेजारी बसला. पायापाशी नरसाळं पडलं होतं, घोंगडीच्या तुकड्यासकट.

"कड्याला घे."

"आता? कशाला?"

गाडी आज चढाला धापा टाकणार नव्हती. बंकटनं नरसाळ्यावरचा घोंगडीचा तुकडा उचलून मांडीवर घेतला.