गोदामी रंगाचं जेवण

रंगारी तळाशी राहिलेला रंग कधी फेकायचा नाही. काम संपलं की सगळ्या डब्यांतले थेंब-थेंब एका मोठ्या बादलीत ओतायचा आणि काठीने ढवळायचा. पिवळा ओता, निळा ओता, शेवटी निघायचा तोच मातकट राखाडी रंग. त्याला तो 'गोदामी' म्हणायचा. गोदामाच्या भिंतींना तो चालायचा, आणि आतली पोती काही तक्रार करत नव्हती.

त्याची बायको नर्स. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि स्वयंपाकघर रंगाऱ्याच्या हाती आलं. गड्याने तिथेही तेच शहाणपण चालवलं. फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या वाट्या पातेल्यात उपड्या करायच्या, पाणी ओतायचं, ढवळायचं. कालचा भात, परवाचे बटाटे, कोबी, टोमॅटो, सगळ्यांची एकच गत.

नऊ वर्षांची लेक मात्र पोतं नव्हती. अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून तिला सगळे मिरी म्हणायचे. हल्ली तीसुद्धा ताटासमोर गप्प बसायची, दोन घास चिवडायची आणि "पोट भरलं" म्हणत उठायची. रंगाऱ्याला वाटायचं, आईची आठवण येत असेल.

तिसऱ्या महिन्यात मिरीची मावशी आली. शाळेत शिकवणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार! भाचीचे खांदे चाचपले, पातेल्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"भावोजी, ही वाळून काटकी झालीय."

"खातच नाही गं ती. मी तरी काय करू?"

"शनिवारी संध्याकाळी येते. पोटभर जेवली तर ठीक. नाहीतर ताई येईपर्यंत माझ्याकडे राहील. रिकामी बॅग घेऊनच येते, तिच्या कपड्यांसाठी."

रंगाऱ्याने वाद घातला नाही, कारण मावशीचं चूक नव्हतं. पण मिरीशिवाय घर कसं वाटेल, हा विचार काही त्याला सोडेना. दोन दिवस तो एकाच भिंतीला पुन्हा पुन्हा रंग देत राहिला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मिरी त्याच्या कामावर आली. शेवटची खोली झाली होती. रंगाऱ्याने तळाचे थेंब बादलीत ओतले, पण अर्धा डबा निळा रंग मात्र घट्ट बंद केला आणि ओळखीसाठी झाकणावर त्याच रंगाचं एक बोट ओढलं.

"हा का नाही ओतलास बादलीत?" मिरीने विचारलं.

"वेडी की काय! एवढा चांगला रंग. कुणाची तरी खिडकी होईल याची."

मिरीने हाताची घडी घातली. "मग आपल्या बटाट्यांची खिडकी का होत नाही?"

रंगाऱ्याने हातातल्या बंद डब्याकडे पाहिलं. वीस वर्षं धंदा करून ही अक्कल आपण घराच्या दारातच सोडून येत होतो, हे त्याला आता कळलं. लाज वाटली, आणि हसूही आलं.

शनिवारी दुपारी दोघांनी फ्रिजमधल्या वाट्या टेबलावर मांडल्या. एकही पातेल्यात उपडी करायची नाही, असं ठरलं. भातात अंडं फोडून मिरीने चपटे गोळे थापले. रंगाऱ्याने ते तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत ठेवले. भिंतीचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो, म्हणून तो उलटायची घाई करेना. मऊ पडलेले टोमॅटो लसणाबरोबर आटवले. बटाट्यांच्या चकत्या परतल्या, आणि वातड पावाचा चुरा तेलात कुरकुरीत करून त्यांच्यावर भुरभुरला. कोबी नुसताच मीठ-लिंबू लावून बाजूला ठेवला. एक गोळा करपला, तो रंगाऱ्याने उभ्याउभ्या गिळला.

मावशी सात वाजता आली. रिकामी बॅग दारापाशी ठेवून मिरीच्या समोर बसली. मिरीने पहिला गोळा संपवला, दुसरा संपवला आणि बटाट्यांवरचा चुरा बोटाने टिपला.

"बाबा, आणखी आहे?"

रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. वाढताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने लसणाला दोष दिला.

मावशीने आपलंही ताट पुढे केलं.

निघताना मिरी आत पळाली. उरलेले दोन गोळे तिने डब्यात भरले, झाकणावर टोमॅटोचं एक लाल बोट ओढलं आणि डबा दारातल्या बॅगेत ठेवून चेन लावली.

"उद्या गरम करून खा," तिने मावशीला बजावलं. "आणि कशात कालवू नकोस हं, खराब होतील."

मावशीने बॅग खांद्याला लावली. "डबा परत द्यायला येईन," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी, जेवायलाच."