नमुन्याची वीट

मी एक जुनी वीट आहे. मित्रांनो, वीट म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर भिंत येते. माझ्या नशिबी मात्र कधीच भिंत आली नाही. माझ्या भट्टीतल्या बहिणी घराघरांत बसल्या, त्यांच्या आडोशाला माणसे जेवली, निजली. मी सारा जन्म एका कचेरीच्या फळीवर काढला. म्हणून माझे काम हलके होते असे मात्र समजू नका.

माझा जन्म येरमाळ्याच्या पलीकडच्या एका बाजारगावी, ओढ्याकाठच्या भट्टीत झाला. तेव्हा मुलखात निजामाचे राज्य होते. चिखल तुडवून, साच्यात दाबून, उन्हात वाळवून मला आगीत घातले. भट्टीच्या ऐन पोटात, जिथे धग सारखी लागते, तिथे मला जागा मिळाली. म्हणून मी लालबुंद आणि खणखणीत निघाले. ही भट्टी महारुद्र गुत्तेदाराची होती. सरकारी बांधकामाचा मक्ता घेणाऱ्याला आमच्याकडे गुत्तेदार म्हणतात.

गावच्या बलदियाने, म्हणजे नगरपालिकेने, सरकारी दवाखान्याला लागून बाळंतिणींसाठी एक खोली बांधायचे ठरवले होते. ती मागितली होती मेंबर धोंडप्पांनी. बाजारात त्यांचे तेलाचे दुकान होते. त्यांची थोरली लेक प्रेमा बाळंतपणात अडली, तिला बैलगाडीत घालून धाराशिवच्या दवाखान्याकडे निघाले, आणि येरमाळा यायच्या आधीच ती गेली. तेव्हापासून धोंडप्पा दर बैठकीत एकच मागणे धरून बसत. अध्यक्ष असलेले तहसीलदार साहेब ऐकून ऐकून थकले. अखेर हैदराबादेहून मंजुरी आली.

महारुद्राची बोली सर्वांत कमी, म्हणून गुत्ता त्याला मिळाला. बलदियाचा एक शहाणा नियम होता. गुत्तेदाराने आधी नमुना द्यायचा, कमिटीने तो पसंत करून त्यावर लाखेची मोहर उठवायची, आणि मग येणाऱ्या प्रत्येक गाडीतली हाताला येईल ती वीट त्या नमुन्यावर वाजवून घ्यायची. बाजारात बायका मडके वाजवून घेतात ना, तसेच. पक्की वीट खणकते, कच्ची बद्द वाजते. महारुद्राने नमुना म्हणून मला निवडले. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते! मोहर उठली तेव्हा मी आपली फुशारून गेले. देखरेखीचे काम धोंडप्पांकडे आले.

पहिल्या गाड्या आल्या त्या सकाळी महारुद्र नारळ घेऊन कचेरीत हजर झाला. शुभ काम आहे, पूजा करून सुरुवात करू, असे म्हणाला. विटेला आपल्या मुलखात काय मान आहे, ते तुम्हाला सांगायला नको. त्याने मला हळदकुंकू लावले, फूल वाहिले, नारळ फोडला. मेंबरांनी हात जोडले. तहसीलदार साहेब मुसलमान होते. दुसऱ्यांच्या धर्माच्या गोष्टीत आपण पडू नये, म्हणून ते अदबीने बाजूला झाले. मला, खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले.

दुपारी विटा वाजवायची वेळ आली आणि चपराशी दगडोबा मला हात लावीना. पुजलेल्या देवावर वीट आपटायची कशी? आजच्या दिवस राहू द्या, असे एक मेंबर म्हणाला आणि गाड्या तशाच रित्या झाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. दगडोबा रोज मला फूल वाही आणि महारुद्र रोज गाड्या ओती. मी देव झाले आणि माझे काम सुटले.

धोंडप्पांना हे दिसत नव्हते असे नाही. पण फसली साल, म्हणजे निजामाचे सरकारी वर्ष, संपत आले होते. साल संपायच्या आत भिंती उभ्या राहिल्या नाहीत तर मंजुरी परत जाणार होती. अशा वेळी खुसपट काढले तर हाता-तोंडाशी आलेली खोली जाणार. म्हणून तेही काही दिवस गप्प राहिले. मग एकदा दगडोबाला घेऊन ते ढिगाऱ्याशी गेले, मधली एक वीट उपसली आणि तिच्यावर अंगठ्याचे नख ओढले. मळलेल्या पिठावर उमटावी तशी रेघ उमटली. धोंडप्पांनी ती वीट काखेत मारून घरी नेली, असे दगडोबाने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. धोंडप्पांनी मला स्वतःच्या हातांनी फळीवरून काढून टेबलावर ठेवले आणि शेजारी ती वीट ठेवली. महारुद्र उठून उभा राहिला.

"देवाला ठोकता व्हय, धोंडप्पा?"

धोंडप्पा लिंगायत होते. सदऱ्याआड इष्टलिंग होते, तिथे त्यांचा हात गेला.

"माझा देव माझ्या गळ्यात हाय," ते म्हणाले. "ही वीट हाय. वाजवायसाठी ठिवली, तर वाजवाया पायजे."

शेजारचा मेंबर त्यांच्या कानाशी लागला. वाजवलीत तर खोली जाईल, आणि ती हवी होती तुम्हालाच, असे त्याने बजावले. धोंडप्पांनी सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर दिले.

"मलाच पायजे हुती. माझी प्रेमा गाडीत गेली. दुसऱ्याची लेक भिंतीखाली जाया नको."

मग त्यांनी ती वीट माझ्यावर मारली. बद्द आवाज झाला आणि त्यांच्या हातात नुसते तुकडे राहिले. माझ्याही कोपऱ्याचा टवका उडाला. तहसीलदार साहेबांनी सगळ्या गाड्या नापसंत केल्या, गुत्ता मोडला, आणि साल संपताच मंजुरी परत गेली.

गावाने धोंडप्पांना नावे ठेवली. आलेली खोली वाण्याने घालवली, असे लोक उघड बोलत. ती भिंत उभी राहून पडलीच असती की नाही, हे कोण सांगणार? न पडलेल्या भिंतीचे आभार कुणी मानत नाही. पुढच्याच वर्षी गावातल्या म्हाळसाबाईची सून कमलबाई बाळंतपणात अडली. तीच वाट, तशीच गाडी. ती परत आली नाही.

म्हाळसाबाई कचेरीत आली. धोंडप्पा तिथेच होते. कुठली ती वीट, असे तिने विचारले. दगडोबाने मला दाखवले. तिने मला दोन्ही हातांत घेतले. तिचे हात थंडगार होते.

"हिच्यापायी माझी सून गेली," ती म्हणाली.

धोंडप्पांना पुष्कळ काही सांगता आले असते. ते फक्त "व्हय, म्हाळसाबाई" म्हणाले. तिने मला फळीवर ठेवले आणि निघून गेली. मित्रांनो, मी आगीतून निघालेली आहे, पण त्या दिवसाइतकी मी कधी भाजले नाही.

मग मुलखात निजामाविरुद्धच्या लढ्याची धामधूम सुरू झाली. कचेरीला कुलूप लागले, माझ्यावर धूळ साचली, कोळ्यांनी जाळी विणली. निजामाचे राज्य गेले. पुन्हा दारे उघडली, नवी कमिटी बसली आणि म्हातारे झालेले धोंडप्पा पुन्हा मेंबर झाले. त्यांनी पुन्हा तीच खोली मागितली. मंजुरी आली, गुत्तेदार दुसरा आला. माझ्याकडे बोट दाखवून कमिटीने त्याला सांगितले, हिच्यासारखी वीट दे.

पहिली गाडी आली तेव्हा म्हाळसाबाई आवारात उभी होती. तिला कुणी बोलावले नव्हते. धोंडप्पा मला घेऊन बाहेर आले, तिला पाहून थबकले, आणि पुढे होऊन त्यांनी मला तिच्या हातात दिले.

"तुमी वाजवा," ते म्हणाले.

माझ्या खाचेत जुने कुंकू वाळून बसले होते. तिने ते पदराने घासून पुसले. मग गाडीच्या तळात हात घालून एक वीट ओढली आणि माझ्यावर मारली. खणकन आवाज आला. तिने दुसरी काढली, तिसरी काढली. पुढच्या गाडीतली एक बद्द वाजली. गाडीवान काही बोलणार होता, पण तिने बैलांची तोंडे फिरवायला सांगितले आणि ती गाडी मुकाट्याने माघारी गेली. भिंती उभ्या राहीपर्यंत म्हाळसाबाईने एकही गाडी वाजवल्याशिवाय सोडली नाही. धोंडप्पांशी ती कामापलीकडे एक अक्षर बोलली नाही. पण ती येईपर्यंत ते कुठलीही गाडी रिती होऊ देत नसत.

मित्रांनो, मी अजून फळीवरच आहे. मोहरेची लाख कधीच झडून गेली. जुनी वीट म्हणून कुणी भाविक अजूनही फूल ठेवून जातो. तुमच्याही गावात शाळा होईल, पूल होईल, पाण्याची टाकी होईल. तेव्हा खुशाल नारळ फोडा, हातही जोडा. पण त्यानंतर गाडीच्या तळातली वीट उचला. मला पुजू नका, वाजवा. माझा टवका उडाला तर उडू द्या. ज्या बाईसाठी ती भिंत आहे, ती तिच्या आडोशाला लेकराला घेऊन निजेल, आणि भिंतीचा विचारही तिच्या मनात येणार नाही.