मिस्त्रींच्या हाताची चाल

मित्रांनो, कारखान्याच्या एका कोपऱ्यात बोल्टांनी जखडलेला मी एक जुना यांत्रिक हात आहे. हात आपलं म्हणायचं. खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे, पण तळव्याच्या जागी गोल फिरणारा ब्रश. त्यामुळे मला कुणाशी हात मिळवता येत नाही, की कुणाचे पाय धरता येत नाहीत.

पांढऱ्या नायलॉनचे चौकोनी ठोकळे कापून माझ्याकडे येतात. कापताना त्यांच्या कडांना बारीक कुसळं उरतात. कारागीर त्यांना 'बर' म्हणतात. प्लास्टिकची बर मोठी हट्टी. ती चटकन तुटत नाही, लोंबकळत राहते, आणि जास्त घासलं की तापून कडेलाच चिकटते. म्हणून तिच्यावरून ब्रश अलगद फिरवावा लागतो. माझ्याआधी हे काम आमच्या कारखान्यातले जुने कारागीर, मिस्त्री, छोट्या पात्याने हाताने करत.

मला आणलं तेव्हा मी अगदी ठोंब्या होतो. हल्लीच्या यंत्रांना संगणकावर रेघा आखून शिकवतात. मला मिस्त्रींनी हाताला धरून शिकवलं. माझं मनगट आपल्या उजव्या मुठीत घेऊन त्यांनी ते ठोकळ्याच्या कडांवरून फिरवलं, पुन्हा पुन्हा, मनासारखं होईपर्यंत, आणि ती चाल माझ्या स्मरणात उतरली. शेवटच्या कोपऱ्यावर वळण्याआधी मिस्त्री क्षणभर घुटमळत. ती त्यांची जुनी खोड होती. शर्टाचं बटण लावतानाही म्हणे ते असेच घुटमळत. गुरूची खोड चेल्याने उचलली. त्या कोपऱ्यावर प्लास्टिक किंचित पोळायचं, पण चालून जायचं. पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्यापाशी आणत, आणि मिस्त्री मागे उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत.

मग एके दिवशी मिस्त्री कामावर आलेच नाहीत. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली. त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. सगळे तिला 'धाकटी मिस्त्री' म्हणून चिडवत, पण ती चिडत नसे. ठोकळे लावता लावता ती तपासणीवाल्या काकूंना घरचं सांगे. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोटांचा व्यायाम केला तर हात थोडा तरी परत येईल, असं डॉक्टर म्हणतात, पण बाबा मनावर घेत नाहीत. हात गेला तो गेला, असं म्हणतात.

एकदा माझ्याकडे बघत ती म्हणाली, "काकू, बाबांना एकदा इथे आणते. त्यांचा हात अजून चालतोय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं ना, तर ते उठतील."

मालकांनी कारखान्याच्या वार्षिक सुट्टीनंतरचा पहिला दिवस दिला. त्या दिवसासाठी मी आतल्या आत जीव मुठीत धरून होतो, कारण माझं एक दुखणं कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझी सगळी शिकवण एका छोट्या बॅटरीच्या भरवशावर टिकते. वीज बंद असली की तीच मला सांभाळते. ती संपत आली की माझ्या पाठीवरचा लाल दिवा लुकलुकतो. मिस्त्री ती न चुकता बदलत, आणि ते काम त्यांना इतकं किरकोळ वाटे की कुणाला सांगून ठेवणं त्यांना सुचलंच नाही. आता दिवा लुकलुकू लागला होता. दुसरी हाक मला मारता येत नाही.

काकूंनी दिवा पाहिला. पण काकूंचं काम ठोकळ्यांवरचे डाग शोधण्याचं. दिव्याचा लाल ठिपका पांढऱ्या ठोकळ्यांवर पडे आणि चांगले ठोकळे डागी म्हणून बाजूला जात. काकू वैतागल्या आणि काळी चिकटपट्टी घेऊन आल्या. धाकट्या मिस्त्रीने ती कापून दिली, आणि काकूंनी ती दिव्यावर नीट दाबून बसवली. बारीकसं कुसळही ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांनी माझा दिवा झाकला. पण त्यांना तरी काय बोल लावायचा? त्या आपलं काम चोख करत होत्या. मी पट्टीखाली लुकलुकत राहिलो आणि ठोकळे घासत राहिलो. दुसरं काय करणार?

सुट्टी लागली. शेवटी निघणाऱ्या माणसाने मुख्य खटका ओढला. बॅटरीने काही काळ तग धरला, मग तिने मान टाकली. बाकीचं आयुष्य लोखंडात मुरलेलं असतं, ते राहिलं. हाताची चाल तेवढी गेली.

सुट्टी संपली आणि मला चालू केलं, तर मी जागचा हलेना. इंजिनियर आला. त्याने पट्टी सोलून काढली, बॅटरी बदलली. जुनी चाल परत आणता येईल का, असं धाकटी पुन्हा पुन्हा विचारत होती. पण त्या चालीची नक्कल कुणी ठेवलीच नव्हती. काम खोळंबलं होतं, म्हणून इंजिनियरने संगणकावर नवी चाल आखली. मी पुन्हा चालू लागलो, पूर्वीपेक्षा झपाझप आणि सफाईदार. काकू ती पट्टी हातात घेऊन नुसत्या बसून होत्या.

तेवढ्यात दारातून चाकांची खुर्ची आत आली. धाकटीची आई ती ढकलत होती. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. धाकटी पुढे गेली आणि तिने खुर्ची माझ्यासमोर आणून लावली.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी ठोकळा घासू लागलो तसा त्यांचा डावा हात गुडघ्यावर माझ्याबरोबर फिरू लागला. पहिली कड झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. शेवटच्या कोपऱ्याशी त्यांचा हात घुटमळला. मी घुटमळलो नाही. थांबावंसं मला फार वाटत होतं, पण माझ्यात ते उरलंच नव्हतं. मी वळून पुढे निघून गेलो. पुढच्या ठोकळ्यालाही तेच झालं.

"मी इथे थांबायचो ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"हा थांबत नाही."

"बॅटरी संपली होती, बाबा. आम्हाला कळलंच नाही."

 मग मिस्त्रींनी मी घासलेला एक ठोकळा मागून घेतला आणि डाव्या अंगठ्याने त्याचा कोपरा चाचपला.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझ्या हातून इथे पोळायचं. आता नाही पोळत." आणि त्यांनी खुर्ची वळवायला सांगितली.

ते बोटं हलवतात की नाही, मला ठाऊक नाही. धाकटी आता घरचं काही सांगत नाही, आणि काकूही विचारत नाहीत.

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, बॅटरी वेळेवर बदला, हे मी सांगायला नको. माझं मागणं वेगळं आहे. मिस्त्री माझ्यासमोर बसले होते, तेव्हा मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की, सुट्टी लागेपर्यंत तुमचा हात चालत होता, रोज चालत होता. तेवढंही मला सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. ज्याने तुम्हाला हाताला धरून शिकवलं, त्याला जे सांगायचं असेल ते आजच जाऊन सांगा.