दगडावरची मोकळी ओळ

कॅप्टन रूफस वेदरबीची डावी बाही रिकामी होती आणि त्या बाहीनेच त्याला दोनदा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, नेलं होतं. निवडणूक आली की तो बाही टाचणीने छातीवर अडकवायचा, ओहायोच्या खेड्यापाड्यांत मंचावर चढायचा आणि यादवी युद्धातल्या लढाईच्या गोष्टी सांगायचा. ऐकणारे डोळे पुसायचे. वकिलीतही तेच. अशील अट्टल चोर असला तरी ज्युरीला हुंदका फुटायचा. देवाने याचा हात काढून जिभेला जोडला, असं गावातले लोक म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्याने एकवीस वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती.

सप्टेंबरात त्याच्या कचेरीत ट्रॅस्कबाई आल्या. सत्तरी उलटलेली, बूट चिखलाने भरलेले. त्यांचा मुलगा आसा वेदरबीच्याच तुकडीत होता. चौकात तुकडीतल्या मेलेल्यांच्या स्मारकाचा दगड उभा राहत होता. त्यावर तेवीस नावं होती, आसाचं नव्हतं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे वेदरबीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पळून गेला’.

"कॅप्टन, दगडावर खाली एक ओळ मोकळी आहे. पाथरवटाला विचारून आलेय मी."

"ट्रॅस्कबाई, हजेरीपटात जे आहे ते..."

"खड्ड्यात गेला तुमचा हजेरीपट! नऊ वर्षांचा होता तेव्हा बाप त्याला म्हणाला, गाईंपाशी थांब. आणि विसरला. गारा पडल्या, पोरगं जागचं हललं नाही. तो पळेल होय?"

वेदरबीला ती पहाट आठवली. आसा नदीपलीकडे पहाऱ्यावर होता. माघारीचा हुकूम आला, पहाटेच्या धुक्यात तुकडी अलीकडे आली, मागे पूल जाळला. पहारेकऱ्याला परत बोलावणं कॅप्टनचं काम. दोन मैल गेल्यावर त्याला आठवलं. आसा पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, दोन्ही हात धड होते, आणि ‘मी विसरलो’ असं लिहायला त्यातला एकही उचलला नाही.

का कोण जाणे, आज त्याने ते सांगून टाकलं.

 "म्हणजे गाईंसारखंच झालं," म्हातारी म्हणाली. मग उठली. "मला सांगून काय उपयोग? गावाला सांगा."

सांगितलं की सगळं संपणार, हे वेदरबीला कळत होतं. आठ आठवड्यांवर मतदान होतं. तरी दगडाच्या अनावरणाला तो मंचावर चढला, बाहीची टाचणी काढली आणि जमलेल्या सगळ्या गावासमोर बोलू लागला. आसा पळाला नाही, मीच त्याला विसरलो, मीच खोटं लिहिलं. पण जिभेला वळण पडलेलं. जिथे थांबायचं तिथे ती आपसूक थांबली, जिथे आवाज उतरायचा तिथे उतरला. बायका रडू लागल्या. पुरुषांनी हॅट काढल्या.

स्मारक समितीचा प्रमुख, गिरणीवाला ह्यूलेट, याने धावत येऊन त्याला मिठी मारली. "वेदरबी, काय काळीज आहे रे तुझं! एका म्हातारीसाठी पळपुट्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंस!"

"अरे, ते खरं आहे!"

"हो हो, खरंच तर," ह्यूलेट डोळा मारत म्हणाला आणि त्याने बँडला खूण केली.

वेदरबीने शपथपत्र करून वॉशिंग्टनला लष्कराच्या कचेरीत धाडलं. समितीने सांगितलं, तिकडून दुरुस्ती येऊ दे, नाव लगेच कोरतो. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं: घटनेच्या दिवशीच कॅप्टनने स्वतःच्या हाताने केलेली नोंद एकीकडे, आणि एकवीस वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर, त्याच कॅप्टनने केलेलं विधान दुसरीकडे. नोंद कायम. वेदरबीने ते दोनदा वाचलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. याच मुद्द्यावर त्याने आजवर कितीतरी गरिबांचे दावे हाणून पाडले होते.

निवडणूक तो जिंकला. इतकी मतं त्याला पूर्वी कधीच पडली नव्हती.

वॉशिंग्टनला निघायच्या दिवशी ट्रॅस्कबाई त्याला चौकात दगडापाशी दिसल्या. त्याने पत्राचं सांगितलं. चेहरा न हलवता त्यांनी ऐकून घेतलं. बोट मोकळ्या ओळीवरून फिरत होतं. दगड तिथे अगदी गुळगुळीत होता.

"मी पुन्हा सांगेन," तो म्हणाला. "जाईन तिथे सांगेन."

"नका सांगू. पुन्हा टाळ्याच वाजतील." त्यांनी हात शालीत घेतला. "फार छान बोललात तुम्ही त्या दिवशी. मलासुद्धा रडू आलं. जरा वाईट बोलायला हवं होतं, कॅप्टन."