ऐकणं विकून आलास

"आणि त्या गाण्यातली कोणती ओळ तुम्हाला जास्त भिडली?" मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीने विचारलं आणि हातातला फोन बाबांच्या तोंडापुढे धरला.

बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले. प्रश्न गाण्याबद्दलचा आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

"गाणं चांगलंच आहे," ते म्हणाले. "मित्र गाव सोडून निघालाय, त्याला निरोप देताना म्हटलेलं. चालीवरूनच कळतं."

मुलीला हसू आलं. गृहस्थ गमत्या दिसतोय, असं तिला वाटलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली ठमी मात्र दारातच थांबली. ते गाणं निरोपाचं नव्हतं. ते बाबांवर होतं.

मुलगी गेल्यावर ठमी स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन बसली.

"आई, बाबांना माझं गाणं ऐकूच येत नाही?"

"आवाज येतो. शब्द येत नाहीत," आई हातातलं काम न थांबवता म्हणाली. "तुला आज कळलं होय?"

"मी एवढे चांगले हेडफोन आणून दिले. रोज लावून बसतात. मान डोलावतात."

"मग काय करतील? पोरीने आणून दिलेत. कानातलं यंत्रही आणलं होतं, त्यात भांडी पडल्यासारखं ऐकू येतं म्हणतात. ते ठेवलंय खणात."

"आवाज आणखी मोठा केला तर?"

"मोठ्याचं काही नाही गं. ते माणसाच्या ओठांकडे बघून ऐकतात. कारखान्यात सगळे तसंच बोलायचे. तू माईक तोंडाला लावून गातेस, आणि घरी गातेस ती कपाटाकडे तोंड करून. त्यांनी काय तुझी पाठ ऐकायची?"

कपाटाचं खरंच होतं. एकोणीस वर्षांची असताना ठमीने पहिलं गाणं त्या कपाटातच फोनवर रेकॉर्ड केलं होतं. दार उघडायचं, लोंबणाऱ्या कपड्यांत तोंड घालायचं आणि हळू आवाजात गायचं. कपडे आवाज शोषून घेतात, खोली घुमत नाही. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, लोकांच्या नाकाचं माप घ्यायची. संध्याकाळी छोट्या कॅफेंत गिटार घेऊन गायची. तिथे लोक खायचे, गप्पा मारायचे, आणि गाणं संपलं की दोघे-तिघे टाळ्या वाजवायचे. तीन वर्षं असंच चाललं. मग हे गाणं आलं आणि ते लोकांनी एकमेकांना पाठवलं. आता अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून तिला स्वतःच्या वडिलांबद्दल सांगत. मागच्या वर्षी तिने दुकान सोडलं.

तिच्या गाण्याची तऱ्हाच हळू होती. अर्धे शब्द श्वासात जायचे. तिचं रेकॉर्डिंग करणारा आणि कार्यक्रमात आवाज आणि दिवे सांभाळणारा माणूस होता, त्याला सगळे दाढी म्हणत. तो म्हणायचा, "तू शब्द गिळतेस ना, तेच चालतं. स्पष्ट गाणारे पैशाला पासरी आहेत."

त्या गाण्याचं धृपद साधं होतं.

ऐकणं विकून आलास बाबा,
गाणं घेऊन आलास.

बाबांनी एकतीस वर्षं पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पत्रा कापणारा प्रेस चालवला. तिथेच कान गेले. ठमीने ती ओळ रडत लिहिली होती. दोन वर्षं तिला वाटत होतं की बाबांनी ती ऐकली आहे, आणि स्वभावाप्रमाणे ते काही बोलले नाहीत इतकंच.

"कागदावर लिहून दे की," आई म्हणाली. "चष्मा लावून वाचतील."

"वाचायला नको. एकदा ऐकू दे त्यांना."

शनिवारी सहाला एका छोट्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. बाबांना ती चार वाजताच घेऊन गेली. दाढी वायरी जोडत होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने बाबांना पहिल्या रांगेत बसवलं, माईकचा स्टँड बाजूला सारला आणि गिटार घेऊन रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली. दोघांत चार हातांचं अंतर असेल.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली.

"बघतोय की. आणखी कुठे बघू?"

तिने गाणं सुरू केलं. प्रत्येक शब्द तोंड पूर्ण उघडून, सुटा सुटा. चालीचं पार वाटोळं झालं.

"काय करतेस?" दाढी मागून ओरडला. "बालवाडीच्या बाई वाटतेस."

"तू वायरी बघ," ती म्हणाली आणि पुढे गात राहिली.

बाबांचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत. पहिल्या कडव्याला ते किंचित हसले. धृपदाला त्यांनी हात वर केला.

"परत म्हण."

तिने परत म्हटलं.

"मला अरे-तुरे करतेस?"

"गाण्यात चालतं, बाबा."

"बरं, चालतं तर चालतं." त्यांनी ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. "विकून म्हणालीस ना? विकून आलास?"

"हो."

"मी काही विकलं नाही."

ठमीने तारांवर हात ठेवला.

"तसं नाही, बाबा. म्हणजे आमच्यासाठी तुम्ही…"

"मान वर करून बोल."

"आमच्यासाठी तुम्ही तिथे काढलीत इतकी वर्षं. कान गेले तुमचे."

"कान गेले ते गेले. कानात बोळे घालायला सांगायचे, मी घालायचो नाही. का? तर प्रेस ऐकू आला पाहिजे." त्यांनी उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर आपटली, एकदा, दोनदा, सारख्या अंतराने. "पत्रा कापायची डाय बोथट व्हायला लागली की ठोका बदलतो. अगदी एवढासा. दुसऱ्यांना पत्रा फाटल्यावर कळायचं, मला आधी कळायचं. चार नंबरच्या प्रेसवरचे लोकसुद्धा मला बोलवायचे, जरा ऐकून जा म्हणून. मोठे साहेब बाजूला उभे राहायचे आणि मी ऐकायचो."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"कोणी विचारलं? तुम्हाला वाटायचं, बाप दमून येतो बिचारा. दमायचो. पण मला आवडायचं ते काम."

दाढी मागे कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बाबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा वळून पाहिलं.

"हे सगळ्यांनी ऐकलं?"

"हो."

"किती जणांनी?"

आकडा तिला तोंडपाठ होता. "बऱ्याच जणांनी," ती म्हणाली.

"भाजीवाला मध्ये एकदा माझा हात धरून उभा राहिला होता. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, त्याच्या घरी काही झालं असेल. मीच त्याला धीर दिला." ते हसले, पण हसू फार टिकलं नाही.

"ओळ काढू का मी?"

"ते तू ठरव. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नसतो. मी नाही लावणार." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "मुतारी कुठे आहे?"

पुढचा दीड तास ठमी आतल्या खोलीत वही घेऊन बसली. 'विकून'च्या जागी बसेल असा शब्द शोधला. वाहून, देऊन, ठेवून. प्रत्येक शब्दात बाबा बिचारेच होत होते. शेवटी तिने वही मिटली. ती ओळ आली की आपण थांबायचं, नुसती गिटार वाजवायची, असं तिने ठरवलं. हे दाढीला सांगायचं मात्र राहून गेलं.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सभागृह भरलेलं होतं. बाबांना तिने रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड स्टुलावर बसवलं होतं, तिला जवळून बघता यावं म्हणून. तिथून तिची एक बाजू दिसत होती आणि समोरची सगळी माणसं.

ते गाणं सहावं होतं. पहिलं कडवं झालं. धृपद आलं आणि ठमी माईकपासून मागे सरली. हात तेवढे तारांवर चालू राहिले.

या ओळीला लोक नेहमी बरोबर गायचे, म्हणून दाढी तिथे प्रेक्षकांवरचे दिवे चढवायचा. त्याने सवयीने ते चढवले. लोकांना वाटलं, आज ओळ आपल्यावर सोडली आहे. सगळ्यांनी ती उचलली. कुणी डोळे मिटून, कुणी शेजारच्याचा हात धरून.

ठमीने दचकून पडद्याकडे पाहिलं.

बाबांना तो आवाज पोचला असेल किंवा नसेल. पण उजेडात तीनशे तोंडं एकदम उघडत होती, मिटत होती, आणि प्रत्येक ओठावर तोच 'विकून' शब्द अगदी स्पष्ट दिसत होता.

ते स्टुलावरून उठले. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण त्यांनी चाचपून लावलं, आणि ओळ संपेपर्यंत लोकांकडे तोंड करून ताठ उभे राहिले.