सहा मांडण्या

झाकणाच्या आतल्या कडेला चिकटलेला पांढरा कण मास्तरांनी नखाने खरवडला आणि खिडकीच्या उजेडात धरला. ते अंड्याचे टरफल होते.

झाकणाच्या वरच्या बाजूस ताईच्या नावाची चिठ्ठी डकवलेली होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

दाहगृहाच्या कारकुनाने टेबलावरून मान वर केली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळा बलक वाळून भेगाळला होता, आणि दातांत अडकलेले काहीतरी तो काडेपेटीतल्या काडीने शोधत होता.

"कुठं काय आहे?"

"माझ्या बहिणीच्या अस्थिपात्राच्या झाकणात अंड्याचं टरफल आहे."

"असेल एखादं. काल डबा खाताना बशी नव्हती हो. नंतर पुसून ठेवलं होतं मी."

मास्तरांनी फळीकडे पाहिले. ताईच्या पात्राशेजारी आणखी दोन पात्रे होती. धातू तोच, माप तेच, घाटही तोच. त्या दोन्ही झाकणांवर बोटांचे तेलकट ठसे उमटलेले होते.

"त्यांचीही झाकणं काढली होतीत?"

"एकात टरफलं टाकली, एकात मीठ घेतलं, एकावर चहाचा पेला ठेवला." घरातली टापटीप सांगावी तशा सुरात कारकून म्हणाला.

"मग परत लावताना कोणतं कोणाचं हे कसं ओळखलंत?"

काडी दातांतून बाहेर आली. तिच्या टोकाला लागलेले काहीतरी कारकुनाने निरखले आणि बोटाने उडवले.

"अंदाजानं लावली."

"पात्रावर खूण नसते काही?"

"आत नंबरचा बिल्ला टाकायचा असतो. बिल्ले संपलेत. मागवलेत."

टेबलावरची एक माशी त्या बोटाने उडवलेल्या कणावर जाऊन बसली. मास्तरांनी दृष्टी वळवली, पण वळवून ती नेणार कुठे? भिंतीला पाठ टेकलेल्या खुर्च्यांवर तेलाचे डाग होते, हात धुण्याच्या कुंडीत खरकटे साचले होते, आणि साऱ्या खोलीभर शिळ्या अंड्याचा तो वास, जणू तोच या खोलीचा स्वामी होता.

ताईने या खोलीत पाऊलसुद्धा टाकले नसते. आईच्या मागे मास्तरांना तिनेच वाढवले. दोघांनी एका छताखाली आयुष्य काढले. तिचा पेला वेगळा, तिची उशी वेगळी. बसमध्ये बसण्यापूर्वी ती पांढरा रुमाल चौघडी करून बाकावर पसरी, आणि शेजारणीचा पदर चुकून हाताला लागला, तर घरी येईपर्यंत तो हात अंगापासून दूर धरी. दवाखान्यात अखेरीस, अनोळखी परिचारिका अंग पुसू लागल्या तेव्हा तिने मास्तरांचे मनगट धरले होते. "अरे, मला परक्यांच्या हाती देऊ नकोस," एवढेच ती म्हणाली, आणि त्यांनी मान डोलावली होती.

"असं करा," कारकून उठून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर दोघं बसलेत, त्यांना अजून हाक मारलेली नाही. तुम्ही शिकलेले. आधी तुम्ही निवडा. तिन्हींतला एक तर तुमचा आहेच ना?"

"आणि त्यांचं काय?"

"ते काय डबा उघडून ओळखणार आहेत? राख ती राख. रडायचं ते रडतील, घरी जातील. उगाच सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावता?"

त्याने दिलासा म्हणून मास्तरांच्या बाहीवर हात ठेवला. मास्तरांनी ती बाही ताईसारखीच अंगापासून दूर धरली.

परंतु खरी शिसारी त्यांना आली ती पुढच्या क्षणी, आणि ती स्वतःची होती. कारण त्यांचे मन, विचारले नसताना, मोजू लागले होते. तीन पात्रे, तीन नावे, मांडण्या सहा. एका मांडणीत प्रत्येकाला आपापले माणूस मिळते. तीन मांडण्यांत एकालाच आपले मिळते आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल होते. दोन मांडण्यांत कोणालाच आपले मिळत नाही. 'आणि दोघांचं बरोबर, फक्त एकाचं चूक, अशा किती?' हा प्रश्न ते वर्गात दरवर्षी टाकीत. मुले हमखास फसत, आणि मग ते खडू हवेत उडवून झेलत व म्हणत, 'एकही नाही, गाढवांनो. दोघं आपल्या जागी बसले की तिसरा जाईल कुठं?' तांबडा, पांढरा आणि निळा चेंडू घेऊन त्यांनी हे शिकवले होते. त्यातला एक चेंडू आज ताई होती, आणि डोके तरीही चोख चालले होते. सहांपैकी दोन मांडण्यांत ताई तिच्याच नावाखाली होती. चिठ्ठी न वाचता डोळे मिटून एक पात्र उचलले असते तरी हिशेब तोच. तीनात एक.

त्यांनी ते झाकण टेबलावर ठेवले, दार उघडले आणि बाहेरच्या दोघांना आत बोलावले.

एक शिंपीण होती, नवऱ्यासाठी आलेली. मापाची फीत अजून तिच्या गळ्यातच होती. दुसरा ट्रकचालक, आईसाठी आलेला. मास्तरांनी काहीही न लपवता सांगितले. टरफल सांगितले, मीठ सांगितले. चालकाने ऐकून घेतले, कारकुनाची गचांडी धरली आणि त्याला भिंतीला टेकवला.

"माझ्या आईच्या डोक्यावर मीठ ठेवून अंडी खाल्लीस?"

"पुसलं होतं हो," कारकून पुटपुटला.

"सोडा त्याला दादा," शिंपीण म्हणाली. "हात घाण करून घेऊ नका." मग ती मास्तरांकडे वळली. "मी एक उचलला तर तो माझाच असेल, असं कितपत?"

"तीनात एक."

"आणि परक्याचा?"

"तीनात दोन, बाई."

चालकाने गचांडी सोडली. "म्हणजे मी कुणाच्या तरी बहिणीला आई म्हणून घरी न्यायचं, आणि आई तिकडं कुणाच्या तरी फळीवर बसणार. ओळख ना पाळख."

माशी उठली आणि फिरून तिथेच बसली. मास्तरांना सातवी वाट केव्हाचीच दिसली होती. वर्गात ती कधी मोजली नव्हती, कारण चेंडू कोणी फोडत नाही. पण ती वाट जिभेवर आली की ताईचा तो अंगापासून दूर धरलेला हात डोळ्यांपुढे येई. परक्यांचे हात, परक्यांचा स्पर्श, आणि तोही कायमचा. या टेबलावरचे खरकटे हातात घ्यावे लागले असते तरी त्यांना त्याहून बरे वाटले असते.

"एक उपाय आहे," ते अखेर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटेना. "तिघांच्या अस्थी एकत्र करायच्या. नीट मिसळायच्या. आणि सारखे तीन वाटे घालायचे. मग 'तीनात एक' हा संभव उरत नाही. प्रत्येकाला आपल्या माणसाचा तिसरा हिस्सा मिळतो. खात्रीनं."

शिंपिणीने पदराने डोळे टिपले आणि अर्धवट हसली.

"आमचे हे जन्मभर शेजारणीशी मान वर करून बोलले नाहीत. आता दोन बायकांच्या मध्ये. अवघडतील बिचारे."

"आईचं काही नाही," चालक म्हणाला. "एका खोलीत आम्ही दहाजण झोपायचो. एकटं ठेवलं की तिला झोप नाही यायची."

दोघांनी मास्तरांकडे पाहिले.

"तुमच्या ताईंना चालेल का हो?" शिंपिणीने विचारले.

"नाही," मास्तर म्हणाले. "मुळीच चालणार नाही. पण एकटी परक्या घरी गेलेलं त्याहून चालणार नाही."

कारकुनाने कुठूनसा एक चमचा काढून पुढे केला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. शिंपिणीने पिशवीतून पांढऱ्या कापडाचा कोरा, न बेतलेला तुकडा काढला आणि मीठ-टरफले झटकून साफ केलेल्या टेबलावर अंथरला. तिघांनी बाहेरच्या नळावर हात धुतले, कोरडे होईपर्यंत उभे राहिले, मग आत येऊन आपल्यापुढचे एकेक पात्र उपडे केले. करड्या रंगाच्या तीन राशी एकमेकींच्या पायथ्याशी टेकल्या.

आधी कोणाचाच हात पुढे होईना. मग मास्तरांनी बाही मागे सारली आणि दोन्ही तळवे आत घातले. त्यांना वाटले होते, अंगावर काटा येईल. राख मऊ होती, किंचित खरखरीत, आणि कुठेही बोट थांबून 'ही ताई' असे म्हणता येत नव्हते. त्यांच्या बोटांना शिंपिणीची बोटे लागली, चालकाची जाड नखे लागली. कोणी हात मागे घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी होती. बाकाच्या रेक्झिनवर कोणाचे तरी काहीतरी सांडून वाळले होते. मास्तरांनी खिशातून ताईचा पांढरा रुमाल काढला आणि ती पसरीत असे तसाच चौघडी बाकावर पसरला. पात्र त्यावर ठेवणार, तोच त्यांचा हात अडला. नखांच्या कडांत राख अजून होती. त्यांनी पात्र पुन्हा मांडीवर घेतले, रुमालाची एक घडी उलगडली, मग दुसरीही उलगडली, आणि तिघांना जागा पुरावी म्हणून त्या जागेच्या दोन्ही कडांपर्यंत तो नीट ओढून घेतला.