रात्र कशी गेली?

मित्रांनो, मी एक जुनं पत्र्याचं फाटक आहे, आणि आज मी रागावलेलं आहे.

देब्रे बिरहान या उंच डोंगरावरच्या थंड गावातल्या एका लोहाराने तेलाची रिकामी पिंपं कापली, ठोकून सपाट केली आणि त्यातून मला घडवलं. मग हिरवा रंग दिला. तो आता औषधालाही उरलेला नाही. माझ्या आत एक अंगण आणि समोरासमोर दोन खोल्या. एकीत अस्कालेच नावाची बाई, सगळ्या गल्लीची मावशी, एकटीच राहते. दुसरीत वुबालेम, तिचा नवरा आणि मुलं.

आमच्याकडे नुसती मान हलवून पुढे जाणं म्हणजे अपमान. आधी गालाला गाल लागतात आणि मग सरबत्ती सुरू होते. रात्र कशी गेली, तब्येत कशी, मुलं कशी, मेंढ्या कशा. भेटणारे दोघंही एकाच वेळी विचारतात आणि एकाच वेळी उत्तर देतात, 'बरी, देवाची कृपा'. ऐकतं कोण? मी. या फाटकातून कुणी विचारपूस केल्याशिवाय जात नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मलाही ते गोड वाटायचं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कारण गेलं वर्षभर मावशीला धाप लागते. विचारणारे पाठ फिरवून गेले की ती माझी कडी धरून उभी राहते. धाप ओसरेपर्यंत तिचा सगळा भार माझ्यावर असतो. तरी पुढचा माणूस आला की पुन्हा तेच, 'बरी, देवाची कृपा'. मला तिचा राग येतो. विचारणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

पावसाळ्यात इथे हाडं गोठतात. एकदा संध्याकाळी मावशीने कोळशाची शेगडी नीट पेटायच्या आधीच खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. सकाळी ते दार उघडलंच नाही. वुबालेम बाजाराला निघाली होती. तिने चालता चालताच हाक मारली, "मावशी, रात्र कशी गेली?"

आतून अगदी बारीक आवाज आला, "बरी, देवाची कृपा."

शेगडीच्या धुराने अर्धमेली झालेली बाई, आणि तोंडात तेच! वुबालेम निवांत माझ्यापर्यंत आली. मला जमलं असतं तर मी गच्च अडकून बसलं असतं. तिने कडीला हात घातला आणि ती थबकली. मावशीने उलट काही विचारलंच नव्हतं. ना नवऱ्याचं, ना मुलांचं. भांडण असल्याशिवाय असं आमच्याकडे कुणी करत नाही. टोपली टाकून ती धावली, खांद्याने दार फोडलं आणि मावशीला ओढत अंगणात आणलं.

मावशी वाचली. दवाखान्यातून परतल्यावर सगळी गल्ली भेटायला आली आणि प्रत्येकाला तिने आपण बरी असल्याचंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वुबालेमने विचारलं, तेव्हाही तेच उत्तर आलं.

वुबालेम माझ्या मधोमध उभी राहिली. "मावशी, मी देवाची खुशाली नाही विचारली. तुमची विचारली."

मावशी आत जायला वळली. वुबालेम जागची हलली नाही.

"रात्री श्वास पुरत नाही गं," मावशी म्हणाली. "एकटीला भीती वाटते."

मित्रांनो, मला रंग लावा, बिजागऱ्यांना तेल घाला, असं मी खरं तर सांगायला हवं. गंजू दे मला. पण कुणाला 'कशी आहेस' म्हणून विचारलंत, तर उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. हलायचंच असेल, तर विचारू नका.